आंबोली घाट उतरताना ब्रेकमधून धूर आला, गाडी नेमकी उतरवायची कशी?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, गाडी घेऊन आठ महिने झालेत, सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक, साधी पाच गिअरची. गावात आणि हायवेला हात बसला होता. मागच्या रविवारी आई, बाबा, बायको, मुलगी आणि मी असे सावंतवाडीला मामाकडं निघालो, डिकी सामानानं गच्च. शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोलीपर्यंत काहीच त्रास नाही. आंबोलीत चहा घेतला, बारीक पाऊस लागलेला आणि धुकं.

तिथनं उतार लागला आणि मी चौथ्या-तिसऱ्या गिअरमध्येच ब्रेकवर पाय ठेवून उतरवत होतो. पाय काढलाच नाही म्हटलं तरी चालेल, कारण काढला की गाडी लगेच पळायची आणि मला भीती वाटायची. धबधब्याच्या खाली थोडं गेल्यावर आईला पहिल्यांदा वास आला, म्हणाली काहीतरी जळतंय बघ. मला वाटलं पुढच्या ट्रकचा वास असेल. अजून तीन-चार वळणं गेली आणि पेडल दाबलं तर रोज जिथं अडतं तिथं अडलंच नाही, मऊ होऊन खाली खाली गेलं, ओल्या स्पंजावर पाय ठेवल्यासारखं. दुसऱ्यांदा दाबल्यावर थोडं धरलं. तिथंच डोंगराच्या अंगाला गाडी घेतली, हँडब्रेक ओढला आणि उतरून बघतो तर पुढच्या डाव्या चाकातनं पांढरा धूर. बायको पाण्याची बाटली घेऊन चाकावर ओतायला निघाली, तेवढ्यात मागनं आलेल्या जीपवाल्या काकांनी ओरडून थांबवलं, पाणी घालू नका, नुसतं थांबा म्हणाले. पाऊण तास थांबलो. नंतर पेडल परत पहिल्यासारखं झालं, म्हणून तर मी अजूनच गोंधळलोय.

मामा म्हणतात घाटात न्यूट्रल टाकायचं, पेट्रोलपण वाचतं, इंजिनला आराम. ऑफिसातला मित्र म्हणतो दुसऱ्या गिअरमध्ये टाक, पण दुसऱ्यात टाकलं की इंजिन केवढ्यानं ओरडतं, ते खराब होत नाही का? आणि ब्रेक खराब झाला असेल तर थंड झाल्यावर चालला कसा? मागं मुलगी झोपली होती, मला त्या दिवसापासनं नीट झोप नाही. कुणीतरी नीट समजावून सांगा की.

उद्यमबाग_ग्यारेज

दादा, सगळी सुखरूप आहात हे पहिलं बरं झालं. थांबलात ते शंभर टक्के बरोबर केलंत, बरेच जण आता खाली पोचतच आलोय म्हणून तसंच दामटतात.

तुमच्या गाडीत काय झालं ते सांगतो. पुढच्या चाकाला लोखंडी डिस्क असते, दोन्ही बाजूनं पॅड तिला चिमटा काढल्यासारखं धरतात. पाय उचलला तर वारा लागून डिस्क गार होते. तुम्ही पाय उचललाच नाही, त्यामुळं डिस्क तापत गेली, पॅड तापलं, पॅडची उष्णता मागच्या पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत गेली आणि ऑइल उकळलं. पेडलची ताकद चाकापर्यंत नेतं ते हेच ऑइल. पातळ पदार्थ दाबला तर दबत नाही म्हणून पेडल कडक लागतं, पण उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की आधी बुडबुडेच दबतात, म्हणून तुमचं पेडल मऊ होऊन खाली गेलं. गार झाल्यावर वाफेचं परत ऑइल झालं, पेडल परत आलं. ब्रेक चालला तो असा. पण चालला म्हणजे बरा झाला असं समजू नका, एकदा उकळलेलं ऑइल आणि करपलेलं पॅड दोन्ही बघून घेतल्याशिवाय परत घाटात जाऊ नका.

अजून एक प्रकार असतो, पेडल दगडासारखं कडक लागतं पण गाडी थांबत नाही. तिथं ऑइल ठीक असतं, पॅड इतकं तापलेलं असतं की त्याची पकडच जाते. दोन्हीचं मूळ एकच, उष्णता.

आता ऑइलचं. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतंय. ताजं डॉट ३ कमीत कमी २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, डॉट ४ २३० पर्यंत. पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर कसली हवा असते ते तुम्हाला माहिती. पाणी मुरलं की डॉट ३ चा आकडा १४० वर येतो आणि डॉट ४ चा १५५ वर. तुमची गाडी सेकंडहँड, आधीच्या मालकानं ते कधी बदललंय का विचारा. दर दोन वर्षांनी बदलायचं. माझ्याकडं सात-आठ वर्षांच्या गाड्या येतात, इंजिन ऑइल वेळच्या वेळी, पॉलिश झालेलं, सीट कव्हर नवं, आणि ब्रेक ऑइल गाडी शोरूममधनं आली तेव्हाचं. जीव तळमळतो बघून.

पाण्याचं म्हणाल तर जीपवाल्या काकांनी तुमची डिस्क वाचवली. लाल तापलेल्या तव्यावर पाणी मारल्यासारखं होतं ते, डिस्क वाकडी होते, मागच्या ड्रमला तडासुद्धा जाऊ शकतो. आणि तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवू नका, सपाट जागा बघून गिअरमध्ये उभी करा आणि चाकाला दगड लावा.

दुसऱ्या गिअरचं उत्तर: होय, दुसराच. इंजिन ओरडतं म्हणून घाबरू नका. तीन-साडेतीन हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, ते आरामात असतंय, लाल पट्टी अजून लांब असते. इंजिन फिरतंय म्हणजे ऑइल पंप फिरतोय, पाण्याचा पंप फिरतोय, आणि पेट्रोल जळत नाही म्हणून तापतही नाही. घाट चढताना इंजिनवर जो ताण येतो त्याच्या पाव पण उतरताना येत नाही.

निवृत्त_चालक_खानापूर

नमस्कार. मी सरकारी बसवर २८ वर्षं चालक होतो, त्यातली जास्त वर्षं गोव्याच्या रस्त्यावर, चोर्ला आणि अनमोड दोन्ही घाट. वरच्या मेस्त्रींनी यंत्राचं सांगितलं, मी चालवण्याचं सांगतो.

आम्हाला आमच्या वस्तादांनी एकच सांगितलं होतं, ज्या गिअरनं घाट चढतोस त्याच गिअरनं उतर. यात सगळं आलं. तुमच्या गाडीला चढायला दुसरा लागला ना, मग उतरायला पण दुसरा. आणि गिअर टाकायचा तो उतार सुरू व्हायच्या आधी. गाडी सुटल्यावर, वेग आल्यावर, मग खालचा गिअर शोधायला जायचं नाही. बसमध्ये तर वेग जास्त असला की खालचा गिअर पडतच नाही, दात करकरतात आणि मध्येच न्यूट्रलमध्ये अडकतो, मग ना इंजिन हातात ना काही. चोर्ल्याला खाली उतरायच्या आधी सपाटीला मी रोज दुसरा टाकून, ब्रेक एकदा दाबून, ब्रेकच्या हवेचा काटा बघून मगच पुढं जायचो. २८ वर्षं, रोज.

ब्रेक कसा मारायचा. नुसता पाय टेकवून ठेवायचा नाही. वेग ४० च्या वर जायला लागला की नीट दाबा, २५ पर्यंत आणा, मग पाय पूर्ण उचला. पूर्ण. मग गिअरवर गाडी चालू दे, परत ४० ला आली की परत दाबा. दाबण्याचा वेळ थोडा आणि सोडण्याचा वेळ जास्त पाहिजे. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही, पावसात तर मुळीच नाही.

धुक्याचं: हॅझर्ड चारी लाइट लावून चालवणारे आंबोलीला लई दिसतात. तसं करू नका, मागच्याला कळत नाही तुम्ही वळणार आहात का उभे आहात. लो बीम लावा, हॉर्न वाजवत या. आणि वाट अरुंद असली तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा कायद्यातला नियम आहे, नुसतं सौजन्य नव्हे. चढणारा थांबला तर त्याला भरल्या गाडीनिशी परत उठायला जड जातं, आपण उतरणारे थांबू शकतो. आपण थांबू शकतो एवढ्याच वेगात उतरायचं.

खानापूरचा_मास्तर

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, नववीच्या पोरांना हे गणित दरवर्षी घालतो म्हणून लिहितोय.

तुमची गाडी, पाच माणसं आणि सामान धरून १,२०० किलो धरू. आंबोलीवरून पायथ्यापर्यंत ५०० मीटर खाली उतरला असं धरू. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे ५८ लाख ८० हजार ज्यूल. एवढी ऊर्जा कुठंतरी जायलाच पाहिजे, नाहीतर ती वेगात जाते. थोडी टायरमध्ये आणि हवा कापण्यात जाते, बाकी सगळी तुम्ही पायाखालून ब्रेकमध्ये घातलीत. नळाचं २५ डिग्रीचं पाणी उकळायला लिटरमागं सव्वातीन लाखाच्या आत ज्यूल लागतात, म्हणजे या ऊर्जेत १८ लिटर पाणी उकळेल. अख्खी घागर! चुलीवर घागरभर पाणी उकळायला किती लाकूड लागतं ते घरातल्या बायकांना विचारा. आणि ती सगळी उष्णता चार चाकांच्या थोड्याशा लोखंडात, त्यातही जास्त पुढच्या दोन डिस्कमध्ये, कारण उतारावर आणि ब्रेक मारताना वजन पुढं झुकतं.

इंजिनला गिअरनं जोडून ठेवलं की यातली मोठी वाटणी इंजिन घेतं. ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल इंजिनच्या तोंडाची झडप बंद होते, पिस्टन खाली जाताना हवा ओढायला बघतो पण हवा मिळत नाही, पिचकारीच्या तोंडावर बोट ठेवून दांडा मागं ओढला तर कसा जड जातो तसं. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना ते जड जाणं चाकाला मागं धरून ठेवतं, आणि झालेली उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटरमधून बाहेर जाते, ते त्याच कामासाठी बनवलेत. खालचा गिअर म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या जास्त फेऱ्या, म्हणून दुसरा जास्त धरतो, चौथा जवळजवळ धरतच नाही.

अजून एक, २० मीटरला १ मीटर असा उतार असेल तर तुमच्या १,२०० किलोच्या गाडीला मागून सतत ६० किलोची ढकल असते. वेग कितीही असला तरी तेवढीच, थकत नाही. आणि वेग ३० चा ६० झाला की थांबवायची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते.

पेट्रोल_वाचवा

सगळे घाबरवालेत उगाच. मी वीस वर्षं वंटमुरीचा उतार, तवंदीचा उतार न्यूट्रलवर उतरलोय, काही झालं नाही. पेट्रोल आज काय भावानं आहे बघा. ब्रेक चांगला असला की झालं.

उद्यमबाग_ग्यारेज

अण्णा, राग मानू नका पण हे सोडा. पेट्रोल वाचतं हा हिशेब कार्ब्युरेटरच्या काळातला. आता सगळ्या गाड्या इंजेक्शनच्या. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला आणि आरपीएम जरा वर असला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो, थेंबभरसुद्धा पेट्रोल जात नाही, कारण इंजिनला चाकच फिरवतंय. न्यूट्रल टाकलं की इंजिनला स्वतःच्या जीवावर चालू राहायला पेट्रोल लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये तुम्ही पेट्रोल जाळताय आणि वर ब्रेकपण. विश्वास नसेल तर ज्या गाडीत तत्काळ मायलेज दिसतं त्यात बघा, गिअरमध्ये उतरताना आकडा पार वरच्या टोकाला जातो.

काही जण चावीच बंद करतात. ते तर हात जोडून सांगतो, नको. ब्रेकला जी जादा ताकद मिळते ती इंजिनच्या ओढीनं साठलेल्या व्हॅक्यूमवर, इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबात ती संपते, मग उभं राहून दाबलं तरी पेडल ऐकत नाही. स्टिअरिंग जड होतं. चावी पूर्ण मागं फिरून निघाली तर स्टिअरिंग लॉक होतं. ट्रकचं अजून वेगळं, तिथं ब्रेक हवेवर, हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर. इंजिन बंद आणि ड्रायव्हर ब्रेकवर ब्रेक मारतोय म्हणजे टाकीतली हवा नुसती संपतेय, भरत काहीच नाही. पुण्याला कात्रजच्या नव्या बोगद्यापासनं नवले पुलापर्यंतच्या उतारावर ट्रकांनी किती गाड्या चिरडल्या त्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात.

वीस वर्षं काही झालं नाही ते बरंच झालं. वंटमुरी आणि तवंदी रुंद आहेत, छोटे आहेत, ब्रेक तापायच्या आत संपतात. तोच हात घेऊन आंबोलीला, नाहीतर तिलारीच्या उभ्या उतारावर गेलात तर हिशेब वेगळा लागतो.

ऊसकरी_संकेश्वर

चारचाकीचं झालं, आता ट्रॅक्टरचं पण लिहितो, कारण सीझन सुरू झाला की आमच्या हुक्केरी, चिकोडी, निपाणी भागात रोज हजारो टन ऊस असाच उतारावरनं जातोय, आणि पोरं वीस-बावीस वर्षांची चालवतात, गाणी मोठ्यानं लावून.

दोन ट्रेलर, भरून ऊस, आणि बऱ्याच ट्रेलरला ब्रेकच नसतोय. सगळं थांबवायचं ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. उतारावर ट्रेलर मागनं ढकलतोय, सरळ असला तर सरळ ढकलतो, जरा तिरका झाला की ट्रॅक्टरचं मागचं अंगच बाजूला सारतो आणि ट्रॅक्टर आडवा होतो. माझ्या डोळ्यासमोर आमच्या वस्तीजवळच्या ओढ्याच्या उतारावर असं झालंय, चुलतभाऊ उडी मारून वाचला, त्याच्या डाव्या पायात अजून सळी आहे. त्यानं काय केलं होतं, उतार सुरू झाल्यावर गिअर बदलायला क्लच दाबला. झालं. क्लच दाबला की इंजिन सुटलं, आणि आमच्या जुन्या ट्रॅक्टरांचा गिअर चालत्यात परत पडत नाही, उभं करूनच टाकावा लागतो. तेवढ्यात १५-२० टन मागनं.

म्हणून सांगतो, उताराच्या आधी उभं करायचं, लो गिअर टाकायचा, आणि खाली पोचेपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. दुसरं, ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक असतात, शेतात आखूड वळायला. रस्त्यावर यायच्या आधी दोन्ही पेडल पट्टीनं एकत्र जोडायची. ती पट्टी न लावता उतारावर पाय एकाच पेडलवर पडला तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. पट्टी लावायला दोन सेकंद लागतात. शेतातनं बाहेर पडताना बांधावरच लावा, माझी एवढीच विनंती आहे सगळ्या ड्रायव्हर पोरांना.

आमचे आजोबा बैलगाडीनं ऊस घालायचे. उताराला सगळा भार बैलांच्या मानेवर यायचा म्हणून खाली उतरून स्वतः मागनं गाडीला दोर लावून ओढून धरायचे, बैलाला एकट्यावर सोडायचे नाहीत.

स्कूटरवाली_हिंदवाडी

माझा प्रश्न याच धाग्यात विचारते. मी आणि मैत्रीण आमच्या ११० सीसीच्या गिअरलेस स्कूटरवरनं चोर्लामार्गे साखळीपर्यंत जाऊन आलो. आम्हाला गिअरच नाहीत, मग आम्ही काय करायचं? उतरताना मागचा ब्रेक शेवटी शेवटी लागेनासाच झाला होता, लिव्हर हँडलला टेकत होतं. आणि माझा भाऊ इलेक्ट्रिक कार घेतोय, तिला पण गिअर नाहीत.

उद्यमबाग_ग्यारेज

ताई, स्कूटरला बेल्ट आणि सेंट्रिफ्युगल क्लच असतोय, म्हणजे फिरण्याच्या वेगानं आपोआप धरणारा आणि सुटणारा. वेग थोडा असेल तोपर्यंत क्लच धरून असतो आणि ॲक्सिलरेटर सोडला तर इंजिन थोडं मागं ओढतं. पण फार हळू झालात की क्लच सुटतो आणि स्कूटर एकदम मोकळी सुटल्यासारखी पळते, ते तुम्हाला जाणवलं असेल. ती मोकळी झाली की अगदी हलकंसं ॲक्सिलरेटर देऊन सोडलं तर क्लच परत धरतो. पण खरं सांगायचं तर स्कूटरचा मोठा आधार ब्रेकच, म्हणून दोन्ही ब्रेक वापरा, एकट्या मागच्यावर उतरू नका. मागं ड्रम असतो, बंद डबा, आतली उष्णता बाहेर पडत नाही. ड्रम तापून फुगतो, आतल्या शूला मग लांब सरकावं लागतं म्हणून लिव्हर टेकलं. २०१९ च्या एप्रिलपासनंच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक असतो, मागचा दाबला की पुढचा पण थोडा लागतो, तरी पुढचं लिव्हर वेगळं दाबायचंच. दोघी बसून चोर्ला म्हणजे मध्ये दोनदा थांबा, फोटो काढा, तेवढ्यात ड्रम गार होतोय.

इलेक्ट्रिकचं उलट चांगलं आहे. उतारावर मोटरच जनरेटर होते, गाडी मागं धरते आणि बॅटरी भरते. फक्त बॅटरी शंभर टक्के भरलेली असली तर ती वीज घ्यायला जागा नसते, मग ते धरणं कमी होतं. बेळगावातनं भरून निघालात तर घाट लागेपर्यंत पुष्कळ जागा झालेली असते, पण घाटमाथ्यावर मुक्काम करून रात्रभर चार्ज लावलात तर सकाळी हे लक्षात ठेवा, ८०-९० टक्क्याला काढा.

ज्यांची ऑटोमॅटिक पेट्रोल आहे त्यांनी डी मध्ये सोडून देऊ नका. एल, २ किंवा मॅन्युअलचा पर्याय असतो, त्यात टाकून स्वतः दुसरा धरा.

कॅसलरॉकचा_लोको

मी रेल्वेत लोको पायलट होतो, आता रिटायर. तुम्ही सगळे जे बोलताय ते आम्ही कॅसलरॉक ते कुळे या घाटात रोज करायचो, फक्त वजन हजारो टन.

दूधसागरचा तो घाट ३७ मीटरला १ मीटर उतरतो. मोटारीला हा उतार काहीच वाटत नाही, पण लोखंडावर लोखंड, पकड कमी, आणि मागं लोडेड वॅगन. १८८८ साली लाइन कॅसलरॉकपर्यंत आली तेव्हापासनं हा घाट असाच आहे, मीटरगेजची ब्रॉडगेज झाली पण डोंगर तोच. तिथं नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली तर प्रत्येक डब्याचं चाक आणि ब्रेकचा ठोकळा तापून पकड जाते, अगदी तुमच्या आंबोलीसारखंच. म्हणून इंजिनचा डायनॅमिक ब्रेक. चाक फिरवणाऱ्या मोटरीच जनरेटर होतात, डिझेल इंजिनात ती वीज रेझिस्टन्समध्ये जाळून पंख्यानं बाहेर फेकतात. घाटात उभं राहिलात तर उतरणाऱ्या इंजिनच्या त्या पंख्याचा घोंघाट लांबनं ऐकू येतो. विजेच्या नव्या इंजिनात तीच वीज तारेत परत जाते. हवेचा ब्रेक राखून ठेवायचा, थांबायला आणि अडचणीला.

घाटात शिरायच्या आधी गाडी उभी करून ब्रेकची ताकद तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही. आणि घाटात कॅच सायडिंग असतात, म्हणजे मेन लाइनपासनं फुटून चढावर जाणारा वेगळा रूळ. रूळ आधीपासनंच त्या चढाच्या बाजूला वळवलेले असतात. तुम्ही थांबून, गाडी ताब्यात आहे हे दाखवल्यावरच तुम्हाला मेन लाइन मिळते. थांबू शकला नाहीत तर गाडी आपोआप सायडिंगच्या चढावर जाऊन थांबते. मला त्या व्यवस्थेबद्दल फार आदर आहे, कारण ती धरूनच चालते की ब्रेक फेल होऊ शकतो. रस्त्याला पण असे खडी भरलेले चढ प्रत्येक मोठ्या उताराला पाहिजेत, ही मागणी आपण सीमाभागातल्या लोकांनी दोन्ही राज्यांकडं करायला पाहिजे.

निवृत्त_चालक_खानापूर

लोको साहेब, खरं बोललात. कारला एक्झॉस्ट ब्रेक नसतो पण मोठ्या डिझेल गाड्यांना असतो तो पण याच कामाचा. डिझेल इंजिनला मास्तरांनी सांगितली ती तोंडाची झडप तशी बंद होत नाही, म्हणून नुसतं इंजिन पेट्रोलएवढं धरत नाही. मग सायलेन्सरच्या वाटेत एक झडप बंद करतात, धूर बाहेर जायला अडतो, इंजिन मागं ओढतं. बटण दाबलं की फुस्स आवाज येतो. ट्रक शिकणाऱ्या पोरांनो, ते बटण घाटासाठीच आहे.

आणि प्रश्न विचारणाऱ्यांनी विचारलं नाही पण सांगतो, उतारावर पेडल गेलंच तर. घाबरून चावीला हात लावू नका. पेडल भराभर पंप करा, बहुतेक वेळा थोडं तरी प्रेशर येतं. त्याच वेळी एक-एक गिअर खाली आणा, क्लच हळू सोडा, ओल्या रस्त्यावर झटका दिलात तर पुढची चाकं घसरतात. हँडब्रेकचं बटण अंगठ्यानं दाबून धरून हळूहळू ओढा, एकदम ओढलात तर मागचं अंग फिरतं. आणि शेवटचा उपाय डोंगराच्या अंगाचं गटार. पत्रा चेपू दे. दरीच्या अंगाला जायचं नाही.

टिळकवाडीकर

सगळ्यांचे मनापासनं आभार. तीन आठवड्यांनी लिहायलोय कारण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

गाडी ग्यारेजला दाखवली. पुढचे पॅड काढल्यावर वरचा थर काचेसारखा चकचकीत झाला होता, नखानं खरवडलं तर काळी पूड पडत होती. ब्रेक ऑइल पारदर्शक बाटलीत काढलं, कोऱ्या चहासारखं काळपट. नवं ओतलं ते करडईच्या तेलासारखं पिवळसर स्वच्छ. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून फोटो काढला आणि मामांना पाठवला. आधीच्या मालकाला फोन केला, त्यांनी कधीच बदललं नव्हतं.

काल परत आंबोली, तीच पाच माणसं. चहाच्या टपरीपासनं निघतानाच दुसरा टाकला. पहिल्या दोन वळणांना इंजिनचा आवाज ऐकून बाबा म्हणाले अरे गिअर बदल, मग मी त्यांना मास्तरांचा पिचकारीचा दाखला दिला. स्पीड ३०-३५ च्या वर जातच नव्हता! पाय ब्रेकच्या वर हवेत, आणि गाडी कुणीतरी मागनं शेपटी धरल्यासारखी उतरत होती. मुलीला मागं बसून ब्रेकचे लाइट नाही दिसत, पण मी ब्रेक दाबला की तिचं डोकं जरा पुढं येतं, तिनं मोजलं, धबधब्यापासनं खाली दाणोलीपर्यंत २३ वेळा. मागच्या वेळी एकदाच दाबला होता, म्हणजे सोडलाच नव्हता.

खाली उतरून चाकाजवळ हात नेला, लावला नाही. ऊब होती, वास नाही. मामांनी अंगणातच विचारलं, न्यूट्रलवर आलास का. मी त्यांना गाडीत बसवलं आणि परत दाणोलीच्या वर चार वळणं चढून, वळवून, दुसऱ्यात उतरून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना त्यांच्या पोराला म्हणाले, उद्या तुझ्या गाडीचं ब्रेक ऑइल कधी बदललंय ते बघ.